जन्मल्या जागी गोळी

रविवारी सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी तराजूसाहेब पहिल्यांदा मेले, तेव्हा त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. नवा माणूस, नवी जागा, चालायचंच. दहा वाजून तीन मिनिटांनी ते पुन्हा मेले. साडेतीन मिनिटांनी तिसऱ्यांदा. चौथ्या खेपेला मात्र त्यांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले, चष्मा पुसला आणि गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अगं, माणसाला जन्मल्या जागीच गोळी घालायची, ही कुठली पद्धत?"

"मग उठा की तिथून," बायको टॉवेल झटकत म्हणाली.

"उठायला वेळ कुठे देतायत!"

तराजूसाहेब म्हणजे वजनमापं खात्यातले निरीक्षक. खरं नाव कचेरीच्या हजेरीपुस्तकात आहे, ते तिथेच राहू दे. सत्तावीस वर्षं पितळी वजनांची पेटी घेऊन ते दुकानं पालथी घालत आले होते. काटा बरोबर असला की मोहोर, नसला की जप्त. कुठलाच काटा अगदी बिनचूक नसतो, हे कायद्यालाही ठाऊक आहे. म्हणून कायदा थोड्या फरकाची मुभा देतो. त्या मुभेत बसलात तर साहेब चहासुद्धा घेतील, पण केसभर बाहेर गेलात तर सख्ख्या मेव्हण्याचाही काटा उचलून नेतील. नेला होता. मेव्हणा अजून बोलत नाही.

असा माणूस बंदुकांच्या खेळात आला कसा? तर मुलीमुळे. ती तीन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत. रोज फोन व्हायचा. "जेवलीस?" "हो." "बरी आहेस?" "हो." "आईला देऊ?" "द्या." साहेबांनी एकदा घड्याळ लावून पाहिलं, बारा सेकंद. लेकीवर जीव होता, पण जीव आहे म्हणून जिभेला वाक्यं सुचतात असं थोडंच आहे?

मग एके दिवशी तीच म्हणाली, "बाबा, आमची चौघांची टोळी आहे खेळायला. त्यातल्या एकाचं लग्न झालं, आता तो येत नाही. तुम्ही याल? दर रविवारी दहा ते अकरा. बघा, जमलं तर."

न जमायला काय झालं! आणि काय सांगावं, खेळता खेळता मुलगी बोलू लागली. "बाबा, डावीकडे! बाबा, खाली बसा! बाबा, ती बादली नाहीये, बॉम्ब आहे तो, हात लावू नका!" आणि अधूनमधून एखाद्या पडक्या भिंतीआड, गोळ्या जरा थांबल्या की आपणहून सांगायची. कचेरीतला वरिष्ठ तिच्या नकाशांवर स्वतःचं नाव घालतो. अक्कलदाढ ठणकतेय, पण डॉक्टरकडे एकटीनं जायला भीती वाटते. तीन महिन्यांच्या फोनमध्ये साहेबांना जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या भिंतीआड कळलं. त्या एका तासासाठी ते खऱ्या तोफेसमोरही उभे राहिले असते.

पण गोम अशी होती की या खेळात मेलेल्या माणसाला जिवंत माणसांशी बोलता येत नाही. मेलं की तीस सेकंद कान बंद, तोंड बंद, पडदा काळा. एरवी मेलेला सांगेल ना, शत्रू कुठल्या दाराआड आहे ते! हा एक नियम साहेबांना मनापासून पटला होता. बाकी सगळा मात्र अंधेर होता. जुने खेळाडू आधीच येऊन उंच टाकीवर बसायचे आणि खाली नवा माणूस उगवला रे उगवला की टिपायचे. त्यांच्या हातात भिंत भेदणाऱ्या बंदुका, आणि साहेबांच्या हातात जे काही होतं त्याने कबूतरही उडालं नसतं. वर मेल्यावर पडद्यावर अक्षरं यायची, 'छान प्रयत्न!' ही अक्षरं तर साहेबांना गोळीपेक्षा लागायची.

त्यांनी वहीत नोंद ठेवली. साठ मिनिटांच्या तासात ते एक्कावन्न मिनिटं मेलेले होते. मुलगी वाट्याला आली फक्त नऊ मिनिटं.

"किलोच्या नावाखाली दीडशे ग्रॅम हातावर ठेवतायत!" साहेबांचा तिळपापड झाला. "उघड उघड मापात पाप!"

"मग तेवढा वेळ फोन लावून ठेवा की, दोघं खेळता खेळता बोला," बायकोने साधा उपाय सांगितला.

"म्हणजे मेलेल्या माणसाने चोरून बोलायचं? मी? नियम तो नियम."

त्यांनी कंपनीला तक्रार धाडली. कचेरीत जावक क्रमांकाशिवाय काम केलेलं नसल्यामुळे वर जावक क्रमांक घातला, खाली मुद्दे: जन्मस्थळी होणारी हत्या, शस्त्रांतली तफावत, 'छान प्रयत्न' या शब्दांतला उपहास. नऊ सेकंदांत उत्तर आलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. साहेबांना क्षणभर बरं वाटलं, पण आपली तीन पानं नऊ सेकंदांत वाचली कोणी, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी स्मरणपत्र धाडलं. त्यावर उत्तर आलं: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? तारे द्यायला हे काय आकाशाचे मालक लागून गेले होते? तराजूसाहेबांनी एकही तारा न देता खिडकी बंद करायचा प्रयत्न केला, तर एक तरी तारा दिल्याशिवाय ती बंदच होईना. शेवटी संतापाने एक द्यावा लागला. तो एक तारा साहेबांना आजही सलतो.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्यानंतर उंटावरच्या शहाण्यांची रीघ लागली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ज्यांनी 'तराजूसाहेब' हे नाव पाडलं होतं तेच, म्हणाले, "साहेब, दोष खुर्चीचा आहे. मान इतकी पुढे काढून बसलात तर माणूस मरणारच." खालच्या मजल्यावरचे निवृत्त कवायत मास्तर म्हणाले, "रोज सकाळी जिना चार वेळा चढा-उतरा. दम हवा, दम!" पडद्यावरचा माणूस पळतो तेव्हा साहेबांचा दम कुठे लागतो, हे विचारायची सोय नव्हती, कारण मास्तर स्वतः शिट्टी घेऊन जिन्याखाली उभे राहायचे. साहेब आठवडाभर जिना चढले. रविवारी पहिल्यासारखेच मेले, फक्त या वेळी पोटऱ्या दुखत होत्या.

इमारतीच्या सेक्रेटरींनी मात्र मुळावर बोट ठेवलं. "तुमची वायर जुनी आहे. तुम्ही गोळी झाडता, ती खेळापर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर समोरच्याची तुमच्यापर्यंत पोचलेली असते."

"म्हणजे माझी गोळी टपालाने जाते?" साहेब ताडकन उठले.

"तसंच काहीसं."

दुसऱ्याच दिवशी नवी वायर टाकणारा मनुष्य आला. त्याने भिंतीला भोक पाडलं, आणि त्या भोकातून वायर आत यायच्या आधी पाणी बाहेर आलं. ते पाणी साहेबांच्या न्हाणीघरातून मास्तरांच्या कपाटात उतरलं. त्या कपाटात मास्तरांनी चाळीस वर्षांच्या कवायतीची प्रमाणपत्रं जपून ठेवली होती. सेक्रेटरींनी संध्याकाळी साहेबांना नोटीस दिली: इमारतीच्या भिंतीला विनापरवाना भोक. "अहो, पण तुम्हीच सांगितलंत!" साहेब म्हणाले. "सल्ला वेगळा, परवाना वेगळा," सेक्रेटरी म्हणाले. साहेबांनी ही दोन वाक्यं आयुष्यात हजारदा दुसऱ्यांना ऐकवली होती. स्वतः ऐकायला ती इतकी वाईट लागतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

शेवटी त्यांना कळलं की खेळात स्वतःची खाजगी खोली उघडता येते, आणि तिथले नियम खोलीचा मालक ठरवतो. साहेबांचे डोळे लकाकले. जगाला न्याय म्हणजे काय ते एकदा दाखवायलाच हवं होतं. त्यांनी चार दिवस खपून नियम केले. सगळ्यांना एकच बंदूक. सगळ्यांची ताकद शंभर. टाकी नाही, उंच जागा नाही. दोन्ही बाजूंना सारख्याच भिंती, सारखीच दारं. जन्माच्या दोन्ही जागा मैदानाच्या मध्यापासून सारख्या अंतरावर, ते अंतर साहेबांनी पडद्यावरच्या माणसाला चालवून, घड्याळ लावून, तीनदा मोजलं.

रविवारी दोन्ही संघ उभे राहिले. एकीकडे मुलीची टोळी. त्यात ती, साहेब, रात्रपाळी करून आलेली एक परिचारिका, आणि एक गृहस्थ जे कधीच बोलत नसत, ज्यांना सगळे 'मुका' म्हणत. दुसरीकडे साहेबांनी इमारतीतून जमवलेले डॉक्टर, डॉक्टरांची बहात्तर वर्षांची आई, सेक्रेटरी आणि कपाट वाळवून आलेले मास्तर. शिट्टी मास्तरांनी फुंकली, स्वतःच्या घरातून, ती सबंध इमारतीला ऐकू आली.

आणि काहीच झालं नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. सगळे आपापल्या भिंतीआड बसून राहिले. बाहेर जो येईल तो मरेल, कारण समोरच्याकडे तेवढीच चांगली बंदूक आणि तेवढीच चांगली भिंत. मग बाहेर यायचं कोणी आणि का? पंचविसाव्या मिनिटाला डॉक्टर दवाखान्यात एक दाढ उपटून परत आले, तरी खेळ होता तिथेच होता. चाळिसाव्या मिनिटाला परिचारिकेचं घोरणं ऐकू येऊ लागलं. निकाल शून्य-शून्य. एकही अन्याय झाला नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "हा खेळ आहे की दातांच्या दवाखान्यातली रांग?"

"न्याय तर झाला ना!"

"झाला. पण बाहेर पडण्यात काही तरी मिळायला नको का? मधे एखादी पेटी ठेवा, जो पकडेल त्याला गुण."

साहेबांनी पुढच्या रविवारी बरोबर मधोमध पेटी ठेवली. सगळे धावले. आणि तेव्हा कळलं ते असं, की सगळ्यांच्या हातात सारखीच बंदूक दिली की उरतो तो फक्त हात. मुलीचा हात असा बसलेला होता की तिने एकटीने तासाभरात पलीकडच्या चौघांना एक्केचाळीस वेळा मारलं, त्यातल्या सोळा वेळा मास्तरांना. मास्तरांनी शिट्टी खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. डॉक्टरांच्या आईंनी मात्र एका दाराआड दडून साहेबांना एकवीस वेळा टिपलं. "मी जागची हललेच नाही हो," त्या नंतर जिन्यात म्हणाल्या, "तुम्हीच येत होता त्याच दारातून, सारखे सारखे." ते दार स्वतः मोजलेलं असल्यामुळे साहेबांचा त्याच्यावर विश्वास होता.

त्या रविवारी हिशेब लागला, मेलेला वेळ आणि मुलीची पेटीमागची धावपळ वजा जाता तिचा सहवास चौदा मिनिटं. अकरा वाजायला दोन मिनिटं असताना ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला त्रास होतोय का या सगळ्याचा? नाही तर आपण आपले नुसते फोनवरच बोलत जाऊ."

फोन म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. जेवलीस, हो, बरी आहेस, हो. "छे छे, त्रास कसला," ते म्हणाले, पण आवाज आपला आपल्यालाच पटला नाही. त्या दिवशी जेवताना ते इतके गप्प होते की बायकोने वाटीत 'अंदाजे' मीठ टाकलं तरी त्यांनी हरकत घेतली नाही. बायको घाबरली.

दोन दिवसांनी मुलीचा निरोप आला. या रविवारी खोली मी उघडते. नियम तेच, फक्त मांडणी थोडी बदलते.

आणि त्या रविवारी चमत्कार झाला! साहेब मरेनात. गोळ्या लागायच्या, ते हलायचे, कण्हायचे, पण पडायचे नाहीत. उलट त्यांनी डॉक्टरांना तीनदा लोळवलं, सेक्रेटरींना चारदा ("हा घ्या परवाना!"), आणि डॉक्टरांच्या आईंना खुद्द त्यांच्या दारात जाऊन दोनदा. तासात फक्त चार वेळा मेले. मग मुलीबरोबर एका कौलारू छपरावर चढून बसले, आणि खाली सगळे पेटीसाठी मारामाऱ्या करत असताना ती सांगत राहिली. नकाशावर स्वतःचं नाव घालण्याबद्दल वरिष्ठाला तिने शेवटी विचारलं होतं, तो लालेलाल झाला होता. शेजारणीशी ओळख झाली होती. पण दाढ अजून तशीच होती.

सोमवारी साहेबांनी कचेरीत कारकुनाला सगळी लढाई टेबलावर वजनं मांडून दाखवली. मास्तर जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले, "जिना चढवला मी!" डॉक्टर म्हणाले, "खुर्ची बदलली ना?" साहेब सगळ्यांना क्षमा केल्यासारखं हसत होते. शेवटी कष्टाला न्याय मिळाला होता. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी पावणेअकराच्या सुमाराला मुलीकडची वीज गेली. खोलीची मालकीण नाहीशी झाली की या खेळात खोली आपोआप दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात जाते. ती आली साहेबांच्या ताब्यात, आणि पडद्यावर नियमांचं पान उघडलं. सवयीनुसार त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. डॉक्टर, ताकद शंभर. सेक्रेटरी, शंभर. मास्तर, शंभर. डॉक्टरांची आई, शंभर. परिचारिका, मुका, मुलगी, शंभर, शंभर, शंभर.

निरीक्षक, तीनशे.

तराजूसाहेब खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. सत्तावीस वर्षांत इतका उघडा खोटा काटा त्यांनी पाहिला नव्हता, आणि तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच नावावर चालू होता! एवढ्यात मुलगी परत आली. "बाबा, आहात ना?"

"हे तीनशे काय आहे?" साहेब गरजले. सगळ्यांच्या कानात गरजले.

मग डॉक्टर चाचरत म्हणाले, "साहेब, तिने आम्हाला आधी विचारलं होतं हो. सगळ्यांनी हात वर केले."

"लहानपणी नाही का घ्यायचो आपण खेळात," डॉक्टरांच्या आई समजावू लागल्या, "कच्चं लिंबू!"

"मीसुद्धा हात वर केला होता," एक अनोळखी, जाडसर आवाज आला. तो मुका होता. आजवर एकदाही न बोललेला माणूस बोलला, तो हे!

कच्चं लिंबू! ज्याला खेळात घेतात, पण बाद धरत नाहीत, कारण तो रडेल. सरकारी अधिकारी, सेवानिवृत्तीला पाच वर्षं उरलेली, आणि कच्चं लिंबू! म्हणजे कारकुनासमोर वजनं मांडून दाखवली ती लढाईही खोटी! "हा माझा अपमान आहे," साहेब म्हणाले. "मी आयुष्यात कधी कुणाला खोटं माप दिलं नाही. कुणालाच नाही! मग मला का?"

"दिलंय की," मागून बायको म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "सापशिडी आठवते? ही सहा-सात वर्षांची होती. सोंगटी चौऱ्याण्णववर, फाशावर चार, आणि अठ्ठ्याण्णववर साप. तुम्ही सोंगटी उभी असलेलं घरच 'एक' म्हणून मोजायचात आणि तिला सत्त्याण्णववर नेऊन ठेवायचात."

साहेब बोटांवर चौऱ्याण्णवपासून मोजून पाहू लागले.

"मला तेव्हाच कळायचं, बाबा," हेडफोनमधून मुलगी म्हणाली. "मला मोजता येत होतं. पण हरले की मी उठून जायचे ना खेळातून. तुम्हाला मी उठून जायला नको असायचं. मलाही नको असतं, बाबा. तुम्ही मेलेले असलात की मी बोलू कोणाशी?"

परिचारिकेने नाक ओढलं.

साहेब पडद्याकडे पाहत राहिले. समोर बटण होतं. तीनशेचं शंभर करायला एक बोट पुरलं असतं, आणि ते बोट सत्तावीस वर्षं याच कामासाठी वाढवलेलं होतं. घड्याळात दहा बावन्न झाले होते.

"बाबा? मेलात का?"

"नाही, तपासतोय," साहेब म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "कुठलाच काटा अगदी बिनचूक नसतो. कायदा थोड्या फरकाची मुभा देतो."

"थोड्या? तीनशे?" सेक्रेटरी न राहवून म्हणाले.

"मुभा किती द्यायची ते निरीक्षक ठरवेल!" साहेब कडाडले. मग त्यांनी बटणावरून बोट काढलं, आणि उभ्या नोकरीत पहिल्यांदा, धडधडीत खोट्या काट्यावर मोहोर उठवली. "मुभेत बसतं. आता छपरावर ये, आणि मला सांग, दाढ दाखवलीस का?"